टास्मानियाहून आलेला हॅगथ्वेट

कंबरलंड,
मेंढ्या कातरून झाल्यानंतरचा रविवार

प्रिय मेबलताईस,
बर्टचा सप्रेम नमस्कार. तुझे गुडघे आणि भावोजींचा खोकला कसा आहे? समुद्राची हवा मानवते असं तू लिहितेस आणि लगेच पुढच्या ओळीत डॉक्टरचं नाव काढतेस, म्हणून विचारतो. मी बरा आहे. पण इथे एक माणूस उपटलाय आणि मला त्याचं लक्षण काही ठीक दिसत नाही.

मंगळवारी दारात उभा. उंच, रापलेला, रुंद काठाची टोपी. म्हणाला, "मी डेस्मंड हॅगथ्वेट, टास्मानियाहून आलोय. आपण एकाच घराण्यातले." (जगाच्या त्या टोकाहून कोणी नुसतं आडनाव सांगायला येतं का? मी चहा दिला, पण बसायला मोडकी खुर्ची दिली.) चहा पिता पिता त्याने आपल्या नावाची चिरफाडच केली. 'हॅगथ्वेट' म्हणजे म्हणे झाडं तोडून मोकळी केलेली जागा, आणि शब्द नॉर्वेकडचा. म्हणजे आपले पूर्वज तिकडून होडीत बसून आधी आयर्लंडला आणि मग इथे आले. आजवर मी पलीकडच्या खोऱ्यातल्या लोकांना उपरे म्हणत आलो, आणि हा मलाच होडीत बसवतो! वर गोठ्याची भिंत चाचपून विचारतो, "ही भिंत किती जुनी?" भिंतीचं वय कोण विचारतं, ताई? ती घ्यायला आलेला माणूस!

पबमध्ये तर कहर केला. आपल्या घराण्यातला तो जुना आयझॅक टास्मानियाला धर्मप्रसाराला गेला असंच आपण ऐकत आलो ना? हा सगळ्यांदेखत हसत सांगतो, "छे! मेंढी चोरली म्हणून बेड्या घालून पाठवला. मी त्याच्याच वंशातला." त्यावर शेजारचा म्हातारा रिग ओरडला, "आमचीच असणार ती मेंढी!" तेव्हापासून मला बघितलं की रिग आपल्या मेंढ्या मोजतो.

हा पाहुणा रोज सकाळी एक पिशवी घेऊन चर्चच्या दफनभूमीत जायचा. शुक्रवारी मी मागावर गेलो आणि एका जुन्या दगडाआड दबा धरून बसलो. तोल सांभाळायला दगडाला हात लावला तर शेवाळाची पापडीच निघाली, आणि खाली अक्षरं. 'जोसेफ हॅगथ्वेट, मूळ आडनाव पडल. आयझॅकच्या भावाची विधवा ॲग्नेस हिच्याशी लग्न करून त्याने शेत आणि नाव दोन्ही घेतले.' ॲग्नेस आणि जोसेफ म्हणजे आपलेच खापरपणजी-खापरपणजोबा! म्हणजे आपण हॅगथ्वेट नाहीच. आपण पडल. पडल म्हणजे चक्क डबकं, ताई!

इतक्यात डेस्मंड समोर. "बर्ट, इथे काय करतोयस?"

"शेवाळ काढतोय," मी म्हटलं आणि दगडाला पाठ लावून उभा राहिलो.

त्याने पिशवीतून एक डबा काढला. त्याच्या वडिलांची रक्षा. "बाबांनी हे गाव कधी पाहिलं नाही. शेवटी म्हणाले, मला घरी ने. रोज इथे येऊन जागा बघतोय, पण विचारायचा धीर होत नव्हता. घराण्याचा कर्ता तू. तू हो म्हणालास तर इथे ठेवीन."

ताई, जोसेफ पडलच्या या वंशजाने तमाम हॅगथ्वेटांच्या वतीने परवानगी दिली. मग रुमाल काढावा लागला. दव फार होतं.

भावोजींना नमस्कार सांग.

तुझा,
बर्ट

ता. क. रक्षा पुरण्याचा विधी येत्या शनिवारी आहे. तू यायलाच हवंस, आणि तो घेरदार जांभळा कोट घालूनच ये. प्रार्थना चालू असताना तुला जोसेफच्या दगडासमोर उभं राहायचंय. तो झाकायला मी एकटा पुरत नाही.

ता. क. दुसरा. कोट राहू दे. डेस्मंड आत्ताच येऊन गेला. तो दगड त्याने पहिल्याच दिवशी वाचला होता म्हणे. मी विचारलं, मग परवानगी मला कशाला मागितलीस? तर म्हणतो, "आम्ही नाव घेऊन गेलो. इथे दारावर ते तुम्ही ठेवलंत, म्हणून तर मला घर सापडलं." मी त्याला चांगल्या खुर्चीत बसवलं. पण ताई, इतकं चांगलं कोणी उगाच बोलत नाही. तू ये आणि त्याच्याकडे नीट बघ.