पाणी न घालता उगवलेलं गवत

अप्पा, आज तुमच्या नातीने मला फोनवर आयर्लंडच्या समुद्रकिनाऱ्याचा फोटो दाखवला. वाळूच्या टेकड्या, त्यांवर आडवं झोपलेलं गवत, खाली फेसाळलेला समुद्र आणि मधोमध गोल्फच्या मैदानावरचं छोटं निशाण, वाऱ्याने इतकं ताणलेलं की काठी मोडेल असं वाटावं. "मम्मा, झाड एक पण नाहीये बघ," ती म्हणाली. "एवढा विंड आहे. आणि टेकड्यांवरच्या ग्रासला कोणी पाणी देत नाही. पाऊसच देतो." मला तुम्ही आठवलात. तुमचे साहेब त्याच किनाऱ्याचे. आमच्याकडचं मैदान मेंढ्या कापतात आणि पाऊस भिजवतो, असं ते सांगायचे. आणि तुम्ही इथे मस्कतला, हमरिया भागातल्या आपल्या स्वयंपाकघरात, ओट्याला टेकून चहा पिताना आईला म्हणायचात, "साहेब माणूस चांगला, पण थापा फार मारतो."

तुमचं तरी काय चुकलं? मस्कतच्या त्या जुन्या मैदानावर गवताची काडी नव्हती. खेळणारे हिरव्या प्लास्टिकच्या चटईचा तुकडा बरोबर घेऊन फिरायचे, त्यावर चेंडू ठेवून मारायचे. भोकाभोवतीची गोल जागा तेवढी राखायचं काम तुमचं: तेल मिसळलेली तपकिरी वाळू, रोलरने दाबून गुळगुळीत केलेली. कोणी चाललं की तिच्यावर पाय उमटायचे, म्हणून तुम्ही भोकापासून बाहेरच्या बाजूला गोल गोल झाडू ओढत यायचात, स्वतःचे ठसेही पुसत. शाळेला सुट्टी होती म्हणून एकदा मला बरोबर नेलंत. मी चेंडू उचलायला धावले आणि तुम्ही ओरडलात, "अगो, पाय कुठे टाकतेस!" अजूनही कोणाच्या ओल्या फरशीपाशी मी आपोआप थांबते.

मग कितीतरी वर्षांनी खरं गवत असलेलं मैदान झालं आणि तुमची बदली तिकडे झाली. त्या दिवशी आपण सगळे बघायला गेलो होतो. नात तुमचं बोट धरून आहे, तुम्ही चपला काढून हिरवळीवर दोन-चार पावलं जाता, मग मागे वळता आणि पायाने ठसे पुसायला लागता. "आजोबा, तिथे काहीच नाहीये!" ती खिदळते. तुम्हीही हसता आणि तिथेच उकिडवे बसून गवतावरून हात फिरवत राहता, तापलेल्या लेकराच्या पाठीवरून फिरवावा तसा. तिथे तुम्हाला एकच हिवाळा मिळाला, अप्पा; पुढच्या उन्हाळ्याआधीच तुम्ही गेलात.

आता ती शेतीशास्त्र शिकली आहे आणि आयर्लंडच्या त्या मैदानावर गवत राखायचं काम शिकायला तिला बोलावलंय. आज जेवताना तुमच्या जावयांनी आमटीची वाटी बाजूला सरकवली. "डिग्री घेऊन गवत कापायला जाणार? इथे दार्सैतच्या देवळात लोक विचारतील, मुलगी काय करते. काय सांगायचं?"

"सांगा, ग्रास कापते. आजोबा पण तेच करायचे."

"तुझ्या आजोबांकडे गवत होतंच कुठे?"

यावर तिघेही हसलो, तेही. पण हसू ओसरल्यावर दोघं माझ्याकडे बघत राहिले. उद्या सकाळपर्यंत तिला उत्तर कळवायचं होतं. मी नको म्हटलं असतं तर ती थांबली असती, आणि तेच मला जड वाटत होतं. ती एकटी, तो वारा, ती थंडी, सगळं डोळ्यांपुढे आलं. तुम्ही गाव सोडून पहिल्यांदा इथे आलात तेव्हा आजी, तुमची आई, काय म्हणाली असेल, हे मी तुम्हाला कधी विचारलं नाही.

"जा," मी म्हटलं. "लोकांना काय सांगायचं ते मी बघते." जावयांनी आमटीची वाटी परत पुढे ओढली. मग म्हणाले, "इन्शाल्ला, जाडं स्वेटर तरी घेऊन द्या तिला." ती उठून त्यांच्या गळ्यात पडली. आता आत दोघं वारा अडवणारं जाकीट फोनवर शोधतायत आणि रंगावरून भांडतायत.

हे कुठे बोलायचं नाहीये, म्हणून तुम्हालाच सांगते. मी हो म्हटलं ते सगळं तिच्यासाठी नव्हतं. तो फोटो बघताना भीतीच्या आधी मला हेवा वाटला. तिला भेटायचं निमित्त करून मीही तिथे जाणार आहे, आणि हे अजून घरात कोणाजवळ बोलले नाहीये.