सही जुळते

३ जून
आले एकदाची! खोली दुसऱ्या मजल्यावर, खिडकी भिंतभर, आणि कपाटाला चक्क चालणारी किल्ली. भाचीने सामान लावून दिलं. निघताना तीच रडली, मी नाही. टिटवी दारात वाट बघत उभी होती. शाळेत सिस्टरच्या बुटांची चाहूल सगळ्यांत आधी तिला लागायची आणि ती कलकलाट करून वर्गाला सावध करायची, म्हणून टिटवी. साठ वर्षं झाली, नाव काही पुसलं नाही. तिनेच हट्ट धरून मला या ज्येष्ठांच्या निवासात बोलावलं. व्यवस्थापक तिशीचा, हसरा. मला 'आजी' म्हणाला. मी सांगितलं की आजी व्हायला आधी आई व्हावं लागतं, आणि मला तेवढी सवड झाली नाही. रोज नाश्त्याआधी हॉलमधल्या वहीत प्रत्येकाने सही करायची, म्हणजे सगळे ठीक आहेत हे कळतं. शिस्त आवडली मला.

७ जून
टिटवी डोकं खाते. पिण्याच्या पाण्यात गुंगीचं औषध आहे म्हणे. टीव्ही बंद असला तरी आपल्याकडे बघत असतो म्हणे. मोबाइलवर कुणीही काहीही पाठवावं आणि हिने ते गिळावं! ज्या मुलीला व्याकरणात शंभरपैकी अठ्ठ्याण्णव मिळायचे, तिचं हे काय झालं?

आज नवीनच काढलं. इथून जे 'मुलाकडे राहायला' जातात, ते कुठेच पोचत नाहीत. वर्षभरात सहा जण. त्यांची पत्रं हॉलमधल्या फळ्यावर लावलेली असतात. मजकूर टाइप केलेला, खाली सही. टिटवी म्हणते, सहाही सह्या एकाच माणसाने ठोकल्यात. त्यासाठीच मला बोलावलं, माझ्या डोळ्यांसाठी. मैत्रीसाठी नव्हे! अठ्ठावीस वर्षं सरकारी प्रयोगशाळेत खोट्या सह्या पकडल्या, त्याचं हे फळ.

१० जून
तपासल्या. अख्ख्या हॉलसमोर, भिंग घेऊन, एकेक सही दुसरीशी ताडून. एकीचं वळण गोल, एकाचं कोर्टातल्या कारकुनासारखं टोकदार, एकाची सही म्हणजे नुसता गुंता. सहा सह्या, सहा वेगळी माणसं. रेघा जरा सावकाश, मध्येच थबकलेल्या. म्हातारे हात, दुसरं काय. तसा निकाल दिला. निवृत्त कंडक्टरकाका म्हणाले, झालं ना चेकिंग, आता सोडा की गाडी. सगळे हसले.

टिटवी हसली नाही. एवढंच म्हणाली की मग त्यांच्यापैकी एकाचाही फोन का येत नाही? मी म्हटलं, तुझ्या बडबडीला कंटाळून गेले असतील.

१६ जून
टिटवीने निवासातलं पाणी सोडलंय, आणि दुसऱ्यांच्या हातातले पेलेही हिसकावते. व्यवस्थापक कागद घेऊन आला. तिला काही दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखाली विश्रांतीला पाठवायचं. तिचं स्वतःचं कुणी नाही, तेव्हा मैत्रीण म्हणून माझी सही लागेल. ती भ्रमिष्ट झाली आहे, असं मी मान्य करायचं.

केली. वैतागाच्या भरात केली.

गाडीत बसताना ती मागे वळली. नुसती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या भल्यासाठीच केलं मी. तिच्या भल्यासाठीच.

२३ जून
टिटवीचं पत्र आलं. 'मजेत आहे. जेवण छान. काळजी नसावी.' सही तिचीच. जिवात जीव आला.

मग पुन्हा वाचलं. जेवण छान? टिटवी? लग्नाच्या पंगतीतही खोड काढणारी बाई!

दुपारी सगळे जेवत असताना हॉलमध्ये गेले. वहीतल्या तिच्या सह्या काढल्या. पान खिडकीच्या काचेवर धरलं, वर पत्र ठेवलं. १२ जूनची सही. जुळली. केसाएवढाही फरक नाही.

कुणालाही हुबेहूब तीच सही दोनदा करता येत नाही. अगदी तंतोतंत जुळली, तर ती गिरवलेली. नव्या मुलांना हा धडा मी पहिल्याच दिवशी द्यायचे.

२४ जून
बाकीची सहाही पत्रं. सहाही गिरवलेली. प्रत्येकाची मूळ सही वहीत आहे.

टिटवी म्हणाली एकच हात, म्हणून मी त्या सह्या एकमेकींशी ताडल्या. मूळ सहीशी ताडल्याच नाहीत. थबकलेल्या रेघा दिसल्या होत्या मला — दिसूनही सोडून दिल्या. तिचं म्हणणं चुकीचं होतं. आणि खरं होतं. मग पाण्याचं काय? कुठवर खरं मानू?

टिटवी कुठे आहे?

२५ जून
भाचीला फोन लागत नाही. फाटकावर गेले. रखवालदार म्हणाला, आजी, साहेबांची चिठ्ठी आणा.

कंडक्टरकाकांना सगळं सांगितलं. त्यांनी हळूच विचारलं, बाई, टिटवीताईंचं वारं लागलं का तुम्हाला? आणि पाण्याचा पेला पुढे केला.

प्यायले नाही.

२६ जून
कुणी शेजारी बसत नाही. माझ्या खुर्चीच्या दोन्ही बाजू रिकाम्या. नळाचं पाणी उकळून — पण तेही त्यांचंच.

व्यवस्थापक काकांच्या टेबलाशी बसला होता. मध्ये एक कागद. पेन काकांच्या हातात. काका मान हलवत होते. वाईट वाटत होतं त्यांना, दिसत होतं. माझंही तोंड त्या दिवशी असंच —

२७ जून
सकाळी वहीत सही करायला नकार दिला. ओरडलेच मी. व्यवस्थापक हसला. म्हणाला, राहू द्या आजी, आधीच्या आहेत की.

खाली गाडी आली आहे. जिन्यात पावलं. दोघं असावेत. दाराला आतून कुलूप लावलं आहे, पण त्यांच्याकडेही किल्ली —

भाचीबाई, सामान न्यायला तू येशीलच. ही वही कपड्यांत गुंडाळून ठेवते. तुला माझं पत्र येईल. मजेत आहे, असं लिहिलेलं असेल. विश्वास ठेवू नकोस. आधी इथली वही माग. सही माझ्यासारखीच दिसेल, तरी काचेवर धरून बघ, आणि जर जुळली तर —