न थुंकलेली दृष्ट

शनिवार, ८ नोव्हेंबर २०२५. दुपारी ३ वाजून ४० मिनिटे. शहापूर, बेळगाव.

मंथनच्या घराच्या माडीवर, पेन्सिलीला टोक करून हे लिहीत आहे. निपाणीहून ११ ची बस धरली. खाली यंत्रमाग चालू आहे, त्यामुळे तांब्यातलं पाणी सारखं थरथरतं. मंथनच्या आईने, शालूमावशींनी, आल्या आल्या जेवायला वाढलं. म्हणाल्या, "तंबाखूचं वजन करून करून तूच वजनानं कमी झालास की रं रवळू!" खूप हसलो.

मंथन आजोळी, निपाणीत, नववीपर्यंत माझ्या वर्गात होता. नववीत मी शाळा सोडून तंबाखूच्या गोदामात कामाला लागलो, तो इकडे आला. आता त्याचा 'कोळसा' नावाचा हेवी मेटल बँड आहे. तो त्यात गातो, म्हणजे गुरगुरतो. संध्याकाळी सहाला कार्यक्रम. असलं संगीत मी मोबाईलवरच ऐकलंय, समोर पहिल्यांदाच ऐकणार.

रविवार, ९ नोव्हेंबर. सकाळी ७.१०.

कार्यक्रम एका मंगल कार्यालयात होता. स्टेजमागे कुणाच्या तरी लग्नातली थर्माकोलची अक्षरं तशीच होती. तीनशेएक पोरं, सगळी काळ्या टी-शर्टात. ड्रम सुरू झाला तो कानात नाही, बरगड्यांत वाजला. मग मंथनने तोंड उघडलं. जमिनीखालून काहीतरी वर येत असावं तसा आवाज. पोरं एकमेकांवर आदळून नाचू लागली.

तो आवाज मी ओळखला. तो माझा आहे. आठवीत असताना, रिकाम्या गोदामात, गळ्यातून नाही तर बेंबीतून ओरडायचं हे मी त्याला शिकवलं. तो खोकून बेजार व्हायचा, मी पाणी द्यायचो.

काल माईकवरून त्याने मला दाखवलं. "ह्यो माझा निपाणीचा दोस्त रवळू. हेच्या गोदामात एक शिंकला की धा जण शिंकत्यात!" सगळे हसले. मीही हसलो. एवढंच सांगितलं त्याने माझ्याबद्दल.

शेवटच्या गाण्यात पापणी न हलवता त्याच्या गळ्याकडे बघत राहिलो. हा आवाज मला मिळावा, त्याचा जावा, असं मनात आलं. 'त्याचा जावा' हे यायला नको होतं. त्याच क्षणी त्याचा आवाज फाटला.

रविवार, दुपारी १२.३०.

मंथनचा घसा पार बसलाय. शालूमावशींनी दृष्ट काढली. मीठ, मोहरी, सात मिरच्या मुठीत घेऊन त्याच्यावरून उतरवल्या आणि घरात होते त्या प्रत्येकाला मुठीवर तीनदा थुंकायला लावलं. ज्याची लागली तो थुंकला की ती उतरते. शेजारच्या राजाबाई थुंकल्या. मूठ माझ्यापुढे आली. "थुक रं, लाजतोस काय? तुजी लागली म्हणून न्हाय, रीत असत्या."

मी तोंडाने नुसतं थू थू केलं. थुंकी गिळली. थुंकलो असतो तर माझीच होती असं झालं असतं. आणि खरं लिहायचं तर, ती उतरू नये असंही वाटलं.

मिरच्या शेगडीत टाकल्या. आधी ठसका कुणालाच आला नाही. मावशी घाबरल्या. "लई वाईट लागल्या कुणाची तर."

मग ठसका मला आला. एकट्याला. माडीवर पळालो.

रविवार, ४.२०.

ठसका थांबत नाही. उशीत तोंड खुपसलं. आतून जो आवाज निघाला तो – माग बंद होता, तरी पाणी थरथरलं. छान आवाज. मुद्दाम दोनदा काढला. खाली मंथन धडपडला.

सोमवार, १० नोव्हेंबर. ८.०५.

बस चुकवली. खाली मंथनच्या अंथरुणाशी बसलो. तो आता कुजबुजतही नाही. मी श्वास सोडतो तेव्हा त्याची छाती खाली जाते. वीस वेळा मोजलं. मग मी श्वास रोखून पाहिला. त्याचे ओठ निळे – लगेच सोडला. तो माझ्याकडेच बघत होता. त्याला कळलंय.

९.४०.

परत माडीवर आलो. माझ्या तोंडातून "आई" आलं. मी म्हटलं नाही. खालून मावशी, "मंथ्या! बोललास व्हय रं?" रडतायत. आनंदाने. मंथन त्यांच्या समोरच निजलाय, तरी त्या वर –

जिना चढतायत.

डाव्या हाताने नाक-तोंड दाबलंय. उघडलं तर त्याचा आवाज बाहेर येईल, त्यांना कळेल. दाबून धरलं तर तो – खाली पाय आपटतोय –

थुंकायला पाहिजे. आत्ता. तोंड कोरडं. थुंकीच नाही –

दारात आहेत. हात पसरलेत. माझ्याकडे बघून 'मंथ्या' म्हणतायत, 'बोल रं लेकरा' म्हणतायत. खाली त्याचे पाय थांबले. मी हात काढ