अकलूजच्या शिबिराला नेलेलं ताट

आई,

काल दादाचा फोन आला आणि आम्ही दोघं म्हातारे तुझ्या त्या पितळी ताटावरून पोट धरून हसलो. तुला ते मुळीच आवडलं नसतं. बहात्तरचा दुष्काळ उलटून दोन-तीन वर्षं झाली होती, आणि मे महिन्यात तू आम्हाला सोलापूरहून अकलूजच्या उन्हाळी शिबिराला धाडलंस. प्रत्येकाने आपापलं ताट आणावं, असं गुरुजींनी बजावून सांगितलं होतं. पण तुझं आपलं एकच, "भावाभावांत दोन ताटं कशाला रं?" तुझ्या माहेरी, दुधनीला, मामांच्या वाटण्या झाल्या, चुली वेगळ्या झाल्या, तेव्हापासून तू आम्हाला एकाच ताटात वाढत होतीस. एका ताटात जेवणारे भाऊ दुरावत नाहीत, यावर तुझी श्रद्धा होती. आमचीही होती. भांडण व्हायचं ते फक्त शेंगाचटणी कुणाच्या बाजूला जास्त पडली, यावरून.

शिबिरात पोचलो आणि गुरुजींनी वयाप्रमाणे पथकं पाडली. दादा मोठ्यांत, मी लहानांत, पंगतीही वेगळ्या. मी ताट पोटाशी धरून दादासमोर उभा आहे, आणि त्याचे नवे दोस्त फिदीफिदी हसतायत. "काय रं, धाकल्याला घास भरवतोस व्हय?" दादाचे कान लाल झाले. "ताट तूच घे. मी कुणाच्या बी ताटात खाईन," म्हणाला आणि गेला. अख्खं ताट मला एकट्याला मिळालं आणि मी त्याला हातही लावला नाही. मी चांगला हुंदके देऊन रडलो. वाटलं, झाली, आमचीही वाटणी झाली.

पण भुकेल्या पोटी किती रुसणार? शेजारी अक्कलकोटकडचा एक पोरगा बसला होता, निम्मं कानडी बोलणारा. "ऊटा माडु. जेव की, रडतोस कशाला?" म्हणाला. पुढे त्याच्याकडून मी कानडी शिव्या शिकलो आणि कालव्यात पोहायलाही शिकलो. घरी कुणी माझं नाव विचारलं तरी उत्तर दादाच द्यायचा. इथे मी बोलायचो आणि पोरं ऐकायची, याचंच मला केवढं नवल! शेवटी शेवटी दादा समोरून गेला तरी हाक मारायचं माझ्या ध्यानात राहायचं नाही.

परत आलो त्या दिवशी तू नेहमीसारखं एकात वाढलंस, आणि आम्ही दोघं एकदमच म्हणालो, "मला वेगळं वाढ." तुझा चेहरा उतरला. "भांडलासा व्हय रं?" भांडलो नव्हतो, पण तुला ते कधी पटलं नाही. दादा नोकरीसाठी लांब गेला तेव्हाही तू त्या शिबिराच्याच नावाने बोटं मोडलीस.

काल दादा म्हणाला, "तुला ठावं न्हाय, शिबिरात चार दिसांनी मी तुला माझ्या पंगतीला न्यायला आलतो की. म्हटलं, हसू देत पोरं, आपण संगंच जेवू. तर तू त्या पोरासंगं असा खिदळत हुतास, मी तसाच मागं फिरलो. वाईट वाटलं लई. खरं सांगू? बरं बी वाटलं." म्हणजे इतकी वर्षं मी समजत होतो, यानं मला सोडलं, आणि तो समजत होता, मी त्याला! आता दर रविवारी आम्ही बोलतो. दोन निराळी माणसं आहोत, म्हणून तर एकमेकांना सांगायला इतकं असतं. आम्ही दुरावलो नाही गं, आई. फक्त एक होतो ते दोन झालो.

हे पत्र मी कुठल्या पेटीत टाकणार? राहील इथंच. पण एक सांगून टाकतो. शिबिराहून आल्यावर भाकरी थापता थापता तू मला एकट्याला विचारलंस, "दादाबिगर करमलं का रं तितं?" मी "न्हाय" म्हणालो, आणि तू पिठाच्या हातांनीच मला जवळ ओढलंस.

करमलं होतं, आई. लई करमलं होतं.