पुतळीच्या अंड्याचं टरफल

४ जानेवारी, रविवार
आज पुन्हा हातातच फुटलं! आपल्या पुतळी कोंबडीचं अंडं — केवढं मोठं, अन् टरफल पापडासारखं. सूनबाई अनुजा माझे पिवळे हात पाहून म्हणाली, "बाबा, म्हातारी झाली आता ते. फुटके अंडे शेजारी कोणाले देऊ? येत्या इतवारी हिरालालले देऊन टाकते." हिरालाल म्हणजे पावर हाउस बाजारातला कोंबडीवाला. त्याच्याकडे गेलेली परत येत नाही.

६ जानेवारी
पुतळीचा काय दोष? इतकी वर्षं कोंबड्या पाळून मला समजलं ते असं — वय वाढतं तसं अंडं मोठं होतं, पण चुना तेवढाच. तेवढ्याच गोळ्याची मोठी पोळी लाटा, पातळच होणार! आपली तलंग, ती कोवळी कोंबडी, आत्ताच अंड्यावर आली — तिचं इवलंसं, पण गोटीसारखं कडक. अन् चुना कमी पडला की पुतळी आपल्या हाडांतला काढून देते. गुपचूप! आम्ही रिटायर मंडळी गुडघा दुखला की घर डोक्यावर घेतो.

७ जानेवारी
अनुजाकडून कबुली घेतली. "इतवारपर्यंत एक धड अंडं देऊ द्या, मग राहीन ते. पण तुमी कावून इतके तिच्या मागं लागून राहिले?"
काय सांगू! डॉक्टरनं माझ्या हाडांसाठी दिलेली कॅल्शियमची गोळी कुटून दाण्यात मिसळली. पुतळीनं आधी तीच टिपली. शहाणी!

८ जानेवारी
आजची गोळीही तिलाच. गुडघा कुरकुरतो. कुरकुरू दे.

९ जानेवारी
दाण्याच्या भांड्यातला पांढरा चुरा अनुजाला दिसला. "हे काय, बाबा?" मी म्हटलं, चुना. तिनं चुरा चिमटीत घेऊन पाहिला, मग माझ्या गोळ्यांच्या पाकिटाकडे. मग भांडी घासायला गेली.

११ जानेवारी, रविवार
कडक! पुतळीच्या टोपलीत अंडं — वाटीवर टकटक केलं तर खणखणीत! अनुजानं हिरालालला दारातूनच परतवलं, "नहीं देना भैया." अन् मला म्हणाली, "जितले बाबा तुमी." या वयात असं पुन्हा उभं राहायचं म्हणजे... पुतळीबाई, दंडवत!
अंडं जरा लहान वाटलं खरं. असो.

१३ जानेवारी
लवकर जाग आली. खिडकीतून पाहिलं — अनुजा तलंगीच्या टोपलीतलं अंडं उचलून पुतळीखाली सरकवत होती. पुटपुटत होती, "आता तरी बाबा आपली गोळी आपण खातीन, नाही का वं पुतळे?"
मी चहापर्यंत उठलोच नाही. मग अनुजाकडून गोळी मागून घेतली. तिच्यासमोर गिळली.