टेस्टनेटवरचं कानबाईचं गाणं

१ जुलै, मंगळवार

आमंत्रण लिहायचं काम शेवटी माझ्याच गळ्यात पडलं! ऑनलाइन हॅकेथॉन, म्हणजे सॉफ्टवेअर बनवायची स्पर्धा, ऑगस्टमध्ये. डेव्हलपर मंडळींनो या, ब्लॉकचेनवर काहीतरी बनवून दाखवा — एवढंच सांगायचं, पण मराठीत. स्पर्धा भरवणारे प्रशांत सर पुण्याहून व्हिडिओवर म्हणाले, “सोनाली, सुरतेत एवढी आपली माणसं. इंग्रजी पोस्टर दिसलं की पोरं पुढे सरकवतात. तू घरच्यासारखं लिही.”

घरच्यासारखं! आमच्या लिंबायतीत ब्लॉकचेन म्हटलं की समोरच्या सरलाबाई डोळे वटारतात. “पैसा दुप्पट करानी स्कीम शे ना ती? आमनी गल्लीमाईन एक जन अशीच करीसन पळी गया!”

नाही हो सरलाबाई, मी कुठेही पळत नाहीये.

३ जुलै

चार मसुदे लिहिले, चारही रटाळ. सरांना त्यातलं एकच वाक्य आवडलं — ‘ब्लॉकचेनवर एकदा लिहिलं की कायमचं. कुणी पुसू शकत नाही, कुणी बदलू शकत नाही.’ म्हणाले, “आता ह्याला एक खरं उदाहरण जोड. आपल्या माणसांतलं.”

उदाहरण आहे की! माझंच आहे. इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाही.

४ जुलै

लॉकडाऊनचा तो श्रावण. सगळे संचे बंद — आमच्याकडे कापड विणायच्या लूमला संचाच म्हणतात. जन्मल्यापासून कानात असलेली खटखट थांबली आणि मला झोपच येईना. बाबांचे कान त्या संच्यांनीच नेलेले, तरी तेसुद्धा गॅलरीत उभे राहून म्हणायचे, “भलतं सुनं लागी ऱ्हायनं.”

त्या वर्षी कानबाई, आमची श्रावणातली खानदेशी देवी, वाजतगाजत तापीवर न्यायची बंदी होती. आईचा जीव नुसता खालीवर. गाणार कुणासमोर? मी आणि गल्लीच्या टोकाचा भूपेंद्र तेव्हा पहिल्यांदाच एका ऑनलाइन हॅकेथॉनमध्ये उतरलो होतो. काय बनवायचं ते सुचत नव्हतं. आईकडे बघून सुचलं — कानबाईची गाणी! जिनं जे म्हटलं ते तिच्या नावानं ब्लॉकचेनवर कायमचं.

गल्ली पहिल्यांदाच एवढी शांत होती की घरात रेकॉर्डिंग होऊ शकत होतं. आई ओट्याला टेकून खाली बसली. तिचाच फोन पिठाच्या डब्यावर. सुरुवातीला लाजली, मग डोळे मिटले आणि लागली —

कानबाई माय उनी वं, तापीना काठे उनी,
संचासना गावले उनी वं, माय मन्ही उनी…

संच्यांच्या गावाला आली — ही ओळ तिची स्वतःची. खानदेशातल्या गाण्यात संचे कुठले! लग्न होऊन सुरतेत आली तेव्हा तिनंच घातली म्हणे.

आणि ऐन रंगात आल्यावर, त्याच सुरात, डोळे न उघडता — “सोनाली, गॅस बंद कर वं, दूध उतू जाई ऱ्हायनं!” आणि लगेच पुढचं कडवं!

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हटलं, परत म्हण. पण ते भूपेंद्रला पाठवून झालं होतं आणि त्यानं चढवलंही होतं. फोनवर केवढ्या ऐटीत म्हणाला, “आता नाही पुसता येत! हीच तर गंमत आहे!” परीक्षकांनाही हसू आवरेना. बक्षीस काही मिळालं नाही.

दूध मात्र खरंच उतू गेलं होतं. ओटा मीच पुसला.

५ जुलै

आईची फार आठवण येते. ती गेल्यापासून दुधाकडे बाबाच बघतात. एकदाही उतू जाऊ देत नाहीत.

९ जुलै

सरांना दाखवायला जुनी लिंक उघडली. काहीच नाही. कोरं पान. परत उघडली. दुसऱ्या ब्राउझरमध्ये. फोनवर.

मग डोक्यात प्रकाश पडला. आम्ही ते टेस्टनेटवर लिहिलं होतं! म्हणजे सरावाच्या नेटवर्कवर. खऱ्याला पैसे पडतात, सरावाचं फुकट. सगळे तिथेच शिकतात. आणि ते नेटवर्क कधीतरी गुपचूप बंद करून टाकतात — त्यावरचं सगळं घेऊन. गाण्याची फाइल ठेवली होती ती फुकटची साइटही गेलेली.

कायमचं, कायमचं करत आम्ही पाटीवर पेन्सिलीनं लिहून आलो होतो. हसावं की रडावं?

१० जुलै

आईचा फोन तिच्या आजारपणातच बंद पडला, दुरुस्तीवाल्यानं तेव्हाच हात वर केले होते. माझ्या जुन्या लॅपटॉपमध्ये शोधलं. मेलमध्ये शोधलं. तिचे फोटो ढीगभर आहेत. आवाज कुठेच नाही.

१३ जुलै

नेमकं आजच बाबांनी विचारावं! जेवताना म्हणाले, “कानबाई जवळ उनी. तुन्ही मायनं गानं लाव ना एक दिवस. आते बाकी काही कानमा जात नही, तिना आवाज जाई.”

डॉक्टर म्हणालेत, उरलेलं ऐकणंही हळूहळू जाणार. मी “लावते” म्हटलं आणि ताट उचलून आत गेले. कुठून लावू?

१५ जुलै

एकच माणूस उरतो — भूपेंद्र. त्याच्या फोनमध्ये असणार. पण त्याच्या घरचे गल्ली सोडून सुरतेच्या दुसऱ्या टोकाला, कोसाडला गेले, त्याचा नंबर बदलला, गल्लीत कुणाकडेच नवा नाही.

१६ जुलै

आमंत्रण आज गेलं. ‘कायमचं’वालं वाक्य काढून टाकलं. त्याऐवजी झालं तसं लिहिलं — ‘आम्ही दोघांनी आईचं कानबाईचं गाणं कायमचं ठेवायला घेतलं आणि सरावाच्या नेटवर्कवर ठेवून बसलो. ते गेलं. तुम्ही आमच्यापेक्षा शहाणे व्हा. या, टिकेल असं काहीतरी बनवा. आणि भूपेंद्र, कुठे असशील तिथून तूही ये.’

सर म्हणाले, “अगं, हे आमंत्रण आहे की तपास लागावा म्हणून दिलेली जाहिरात?” पण जाऊ दिलं. देव भलं करो त्यांचं.

२० जुलै

नावनोंदणी धडाक्यात! जळगाव, शिरपूर, उधना. नंदुरबारच्या कुसुम नावाच्या मुलीनं विचारलंय, “तुमची चूक सुधारायचा प्रोजेक्ट चालेल का?” चालेल गं बाई, पळेल!

भूपेंद्र नाही.

२७ जुलै

फोन आला!! कतारगामला एम्ब्रॉयडरीची डिझाइनं बसवतो म्हणे. शेजारच्या टेबलावरच्यानं आमंत्रण वाचून दाखवलं आणि ह्याच्या हातातला चहा सांडला. आवाज तोच, फक्त गुजराती वाढलीय. “अरे, केम छे सोनाली! काकूचं समजलं होतं गं… यायला पाहिजे होतं मी.”

मला एकच विचारायचं होतं. विचारलं.

म्हणाला, “तो फोन तर पाण्यात गेला. कधीच. माझ्याकडे काय नाही गं.”

नाही म्हणजे नाही. संपलं.

पलीकडून त्याची आई, अनुसयामावशी, ओरडत होती, “तिले सांग, यंदा कानबाईले आमनाकडे ये! बापले बी संगे लई ये!” हो म्हणून टाकलं. नाही म्हणवेना.

३ ऑगस्ट, रविवार

आज कानबाई बसली. आमच्याकडे आई गेल्यापासून बसवत नाहीत. उद्या सकाळी विसर्जन, तेव्हा कोसाडला जायचं. बाबांनी ठेवणीतला शर्ट काढलाय. मला मुळीच जावंसं वाटत नाही. तिथे सगळ्या बायका गाणार, आणि त्यांत तीच नसणार.

बाबांना अजून खरं सांगितलेलं नाही. उद्या येताना रिक्षात सांगेन.

४ ऑगस्ट, सोमवार

अनुसयामावशीच्या डोक्यावर कानबाई, मागे कॉलनीतल्या सगळ्या बायका, तापीकडे निघालेल्या. मावशीनं गाणं उचललं — संचासना गावले उनी वं. माझे पायच थांबले. भूपेंद्र कानाशी म्हणाला, “लॉकडाऊनमध्ये आई माझ्या फोनवर हेच लावून बसायची. तिनंच सगळ्यांना शिकवलं. मला वाटलं, तुला फाइलच पाहिजे!”

आणि मग, ऐन रंगात, कानबाईच्या गाण्यातली ओळच असावी तशा, त्याच सुरात, टाळ्यांवर, सगळ्या बायका एका आवाजात म्हणाल्या —

सोनाली, गॅस बंद कर वं, दूध उतू जाई ऱ्हायनं!

बाबांनी माझ्याकडे वळून पाहिलं. त्यांना ऐकू आलं होतं. म्हणाले, “जाय ना पोरी. माय तुले बलाई ऱ्हायनी.”