चांगल्या डोळ्यावरची पट्टी

घोडेगाव, ४ एप्रिल २०२४

ती. दादा व आई यांस नूतनचा शि. सा. न. वि. वि.

तुमच्याकडे रेंज नाही, म्हणून हे पत्र एसटीच्या कंडक्टरकडे देते आहे. माझी रजा संपली, उद्या आश्रमशाळेच्या स्वयंपाकघरात हजर व्हायचंय. तेजूला तुमच्या भरवशावर सोडलंय. हिरडे वेचताना ती पडली, त्यात कुणाचा दोष नाही. डोक्याला मार बसून डावा डोळा फिरवणारी नस दुखावली. डोळा नाकाकडे ओढला गेलाय, तिला एकाचे दोन दिसतात. डॉक्टर म्हणाले, नस सहा महिन्यांत सुधारेलही, पण तोवर डोळा आळसावला तर माझ्या पाच वर्षांच्या पोरीची नजर जाईल. रोज चार तास चांगला डोळा झाकायचा. दादा, लाडू देऊन फितवा, पण पट्टी चुकवू नका.

माझ्यावरचा लोभ सध्या तेजूला द्या.
नूतन

१६ मे

चि. नूतनला दादाचे अनेक आशीर्वाद.

तेजू खुशाल आहे. पहिले चार दिवस पट्टी लावली की उंबऱ्याला ठेचकाळायची, रडायची. तुझ्या आईला बघवेना. लचकलेला पाय आपण बांधून ठेवतो, त्याला चालायला लावत न्हाई, मग दुखऱ्या डोळ्यालाच काम का, असं ती म्हणाली. मलाही पटलं. तेव्हापासून दिवसभर पट्टी डाव्या डोळ्यावर असते. पोर आता पडत नाही, एकाचं एकच दिसतं म्हणते, माझ्या वाटणीचे लाडूही खाते. डॉक्टरांना सांग, लई गुण आला.

जिवाला जप, आमची आठवण ठेव.
कुशाबा

घोडेगाव, २ जून

ती. दादांना शि. सा. न.

तुमचं पत्र वाचून मी उभीच राहिले, भात करपला तरी कळलं नाही. दुसऱ्या दिवशी तेजूला आणि आईला न्यायला आले तेव्हा तुमच्याशी बोलले नाही, त्याचं वाईट वाटतं.

डॉक्टरांनी उजवा डोळा झाकून चार पावलांवरून बोटं दाखवली. तेजूला हात दिसला, बोटं दिसली नाहीत. नजर परत येईल का विचारलं, तर आता तरी पट्टी नीट लावा, मग बघू म्हणाले. भीतीपोटी मी आईला नको नको ते बोलले.

तेजू पट्टी लावूच देईना. मग आईने लुगड्याची चिंधी फाडून स्वतःचा चांगला डोळा बांधला. दुसऱ्यात मोतीबिंदू आहे, तुम्हाला ठाऊकच आहे. आता तूच मला नळावर ने, असं तिने तेजूला सांगितलं. तेव्हापासून दोघी हात धरून जातात. काल पायरीवरून दोघी पडल्या, चारही गुडघे फुटले. पट्टी मात्र एकीनेही काढली नाही.

लोभ असू द्या. माझाही आटलेला नाही, आईला तेवढं तुम्ही येऊन सांगा.
नूतन